युगांडाच्या साखर कारखान्यात जायचंय? आधी देश समजून घे

भावा, तू हातकणंगले तालुक्यात मिल फिटर आहेस, जिंजाजवळच्या कारखान्यातनं बोलावणं आलंय आणि देश कसा, माणसं कशी, वीज-रस्त्यांचं काय, असं विचारलंयस. पगाराचं तू बघ, मी देशाचं सांगतो.

नकाशा उघडून आधी समुद्र शोध. युगांडाला समुद्रच नाही. बहुतेक आयात केनियातल्या मोंबासा बंदरात उतरते आणि तिथनं सुमारे अकराशे किलोमीटर ट्रेलरनं राजधानी कंपालाला येते. त्यामुळं बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू महाग, आणि कधी पोचेल याचा नेम नाही. आपल्याकडं शाफ्ट गेला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाहीतर शिरोलीत करून मिळतो. तिथं पार्ट सीमेवर कागदांत अडकला की मिल थांबते. वर्कशॉपात जे पडलंय त्यातनं भागवणाऱ्या फिटरला तिथं मान आहे, तो त्यामुळंच.

शिवाय देश विषुववृत्तावर. पाऊस वर्षातनं दोनदा, ऊस जवळपास वर्षभर तोडता येतो. म्हणजे पट्टा पडला, गाळप हंगाम संपला, आणि चार महिने ओव्हरहॉलिंग, हा आपला हिशेब तिथं विसर.

विजेचं गणित मजेशीर आहे. जिंजाला व्हिक्टोरिया सरोवरातनं नाईल निघते, तिथलं ओवेन फॉल्स धरण 1954 चं. पुढं बुजागाली झालं 250 मेगावॅटचं, आणि 2024 मध्ये 600 मेगावॅटच्या कारुमाचं उद्घाटन झालं. वीज तयार होते भरपूर, पण गावोगाव पोचवणाऱ्या लाइनी कमी. कंपाला–एंटेबे एक्स्प्रेसवे चकाचक; आतले रस्ते मात्र लाल मातीचे, आणि त्यावर 'बोडा-बोडा' म्हणजे मोटारसायकल टॅक्सी.

2024 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचार कोटींच्या वर निघाली, त्यातली निम्मी अठराच्या आतली. तुझ्या हाताखाली पोरं मिळतील, हुशार असतील, पण मिल पहिल्यांदाच बघत असतील. सरकारी भाषा इंग्रजी. सकाळी भेटल्यावर आधी घरची विचारपूस, मग काम. थेट 'पाना दे' म्हणालास तर उद्धट ठरशील.

निर्यातीत कॉफी आणि सोनं मोठं. साखर बरीचशी भारतीयांनी उभी केली: लुगाझीला मेहता, काकिराला माधवानी. 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना 90 दिवसांत देशाबाहेर काढलं. 1986 नंतर राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या राजवटीत बरेच परतले, मालमत्ताही मिळाल्या. आज आपल्याला तिथं सहसा त्रास नाही, पण मालक भारतीय आणि मजूर स्थानिक, हा ताण आत असतोच. त्यात तोंड घालू नकोस.

जेवणात मटोके म्हणजे उकडलेली केळी. चपाती कुठंही मिळते. अंड्याची पोळी घालून गुंडाळली की तिला 'रोलेक्स' म्हणतात. तांबड्या रश्श्याचा मसाला घरनं ने.

पिवळ्या तापाची लस जायच्या किमान दहा दिवस आधी घे, दाखला जाताना-येताना दोन्हीकडं लागतो. मलेरिया सगळीकडं, मच्छरदाणी सोडू नकोस. पगार डॉलरमध्ये की शिलिंगमध्ये, वर्क परमिटचा खर्च कुणाचा, परतीचं तिकीट कधी, हे लेखी घे. आणि पासपोर्ट कारखान्याच्या ऑफिसात ठेवायला सांगितला तर झेरॉक्स द्यायची, मूळ नाही.