गृहकर्जाबद्दल कोणाला काय विचारायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कर्जाचं तिसरं वर्ष चालू आहे, व्याजदर एक टक्का वाढला, हप्ता तेवढाच राहिला म्हणून तुम्हाला वाटलं काही झालं नाही, आणि आता स्टेटमेंट काढलं तर शेवटची तारीख चार वर्षं पुढे गेलेली. मेहुणे म्हणतात एफडी मोडा आणि कर्जात भरा, ऑफिसमधला मित्र म्हणतो दुसऱ्या बँकेत न्या, एजंट रोज फोन करतोय की सगळं फुकट करून देतो. एवढे सांगणारे असताना फी देऊन सल्लागाराकडे जायची गरज आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी माझंच सांगते, कारण मी ही चूक केलेली आहे. आमच्या कर्जाला आठ वर्षं झाली होती, ऑफिसमधल्या एका सीनियरने स्वतःचं कर्ज दुसरीकडे नेलं होतं आणि हप्ता बराच कमी झाला म्हणून तो खूश होता, मनापासून सांगत होता, त्याचा त्यात काही फायदा नव्हता. मीही नेलं. 9 टक्क्यांचं साडेआठ झालं, हप्ता जवळजवळ पाव भागाने उतरला आणि दोन वर्षं मी पण तेच सगळ्यांना सांगत फिरले. मग दुसऱ्याच कामासाठी एका फी घेणाऱ्या सल्लागाराकडे गेले, त्याने कागद मागितले आणि पहिला प्रश्न विचारला, मुदत किती घेतलीत? मुदत परत 20 वर्षं घेतली होती. जुन्या कर्जाची 12च राहिली होती.

हे आकड्यात बघा म्हणजे कळेल. मूळ कर्जाच्या दर 1 लाखामागे, 9 टक्के आणि 20 वर्षं धरली तर हप्ता साधारण 900 येतो. आठ वर्षं भरून झाल्यावर अजून सुमारे 79,000 मुद्दल बाकी असतं (हो, एवढं, कारण पहिल्या हप्त्यातले 750 निव्वळ व्याजात जातात आणि मुद्दल फक्त 150 ने कमी होतं). तसंच चालू ठेवलं असतं तर उरलेल्या 12 वर्षांत 1,29,500 च्या आसपास भरायचे होते. साडेआठने नव्याने 20 वर्षं घेतली तर हप्ता 686, पण एकूण जातात 1,64,600. म्हणजे दर कमी करून मी लाखामागे 35,000 जास्त देणार होते. आणि मुदत 12च ठेवली असती तर? हप्ता साधारण 878 आणि पूर्ण 12 वर्षांत बचत तीनेक हजार, त्यातून प्रोसेसिंग फी, मूल्यांकन, कागदपत्रांचा खर्च वजा करायचा. मला त्यानंतर हप्ता परत वाढवून घ्यावा लागला, दोन वर्षांत जे गेलं ते गेलंच.

त्या सीनियरने मला फसवलं नव्हतं हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय. त्याचं कर्ज नवीन होतं, जेमतेम दीड वर्ष झालेलं, त्याला मुदतीचा फरक फारसा पडलाच नाही. त्याचं त्याच्यासाठी बरोबर होतं. जवळच्या माणसाचा सल्ला असाच असतो, तो त्याच्या कर्जाचा असतो, आणि त्याचं कर्ज किती जुनं, दर फिक्स्ड (ठरलेला) की फ्लोटिंग (वरखाली होणारा), मुदतीआधी भरायला दंड आहे का, यातलं काहीच त्या एका वाक्यात येत नाही. शिवाय ज्यांचं बिघडलं ते सांगत नाहीत, ज्यांचं जमलं तेच सांगतात.

आणखी एक गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही. नातेवाइकांना आपण पूर्ण सांगतो का हो? क्रेडिट कार्डावर किती थकलंय, नोकरीत काय चाललंय, घरात कोणाला न सांगता कोणाला किती उसने दिलेत, हे मेहुण्यांसमोर आपण काढत नाही. मग ते अर्ध्या माहितीवर सांगतात एफडी मोडा. ती एफडी म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा आधार असेल तर? घराच्या कर्जात घातलेला पैसा सहसा सहज परत काढता येत नाही, नोकरी गेली तर बँक असं म्हणत नाही की मागच्या वर्षी जास्त भरलंय ना, आता चार महिने थांबा. आणि कार्डावर थकबाकी असेल तर आधी ती, कारण तिथलं व्याज घराच्या कर्जाच्या कितीतरी पट असतं. परक्या सल्लागारासमोर माणूस हे सगळं सांगून मोकळा होतो, मला तरी फीचा निम्मा फायदा तिथेच मिळाला.

म्हणजे आपल्या माणसांना विचारूच नका असं नाही, उलट विचाराच. मला आतापर्यंत सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट माझ्या मावसबहिणीने सांगितली, की बँक बदलायच्या आधी आपल्याच बँकेला लेखी विचार, नवीन ग्राहकाला देताय तो दर मला द्याल का. बऱ्याच ठिकाणी थोडी फी घेऊन जुन्या कर्जाचा दर खाली आणून देतात. हे मला एकाही एजंटने सांगितलं नव्हतं, आणि का सांगेल, त्याला त्यात काही मिळत नाही. कुठला कागद अडतो, काम प्रत्यक्षात किती दिवस लांबतं, फोनवर कबूल केलेलं पत्रात येतं का, हे सगळं ज्याने नुकतं केलंय त्यालाच माहीत. मेहुण्यांना हे विचारा. "तुम्ही काय केलंत आणि तेव्हा कर्ज किती बाकी होतं" असं विचारा, "मी काय करू" असं नको. शिवाय मेहुणे तुमच्या कर्जाला जामीन किंवा सहकर्जदार असतील तर त्यांची काळजी वेगळी आहे हे लक्षात ठेवा, सहकर्जदार झालेल्या माणसाकडून बँक पूर्ण थकबाकी मागू शकते, अर्धीच नाही. त्यांना कर्ज लवकर फिटावं असं वाटणारच.

आता एजंट. फुकट म्हणजे फुकट नाही, त्याला पैसे नवीन बँक देते, तेही कर्ज मंजूर होऊन उचललं की. तुम्ही आहात तिथेच राहिलात तर त्याला शून्य. माणूस चांगला असू शकतो, मी चांगले पाहिलेत, पण "काही करू नका" हा सल्ला त्याच्याकडून येणं अवघड. अमुक विमा घेतलात तर दर कमी करून देतो असं म्हणाला तर विम्याचा हप्ता कर्जातच मिळवलाय का ते बघा, मिळवला असेल तर त्याच्यावरही तुम्ही पुढची 20 वर्षं व्याज भरत राहणार. बँकेचा वकील आणि बँकेचा मूल्यांकन करणारा, यांची फी तुमच्या खिशातून गेली तरी ते बघतात बँकेचं तारण सुरक्षित आहे का. तुमच्या बाजूने करारातली कलमं वाचणारा माणूस वेगळा लागतो.

फी घेणाऱ्यालाही डोळे झाकून धरू नका. त्याला सरळ विचारा, माझ्याशिवाय अजून कोणाकडून पैसे मिळतात का, आणि उत्तर लेखी मागा. परवाना किंवा नोंदणी लागत असेल तर नियामकाच्या यादीत नाव आहे का ते स्वतः बघा, त्याने दाखवलेल्या कागदावर नको. आणि कर्जाचा करार न मागता जो पहिल्या भेटीत उपाय सांगतो त्याला फी द्यायची गरज नाही, तेवढं तर मेहुणेही सांगतात.

तुमच्या बाबतीत मला वाटतं एकदा पैसे देऊन बसा, दर महिन्याला नको, एकदाच. कारण तुमचा खरा धोका मेहुण्यांनाही दिसलेला नाही आणि मित्रालाही नाही. हप्ता तेवढाच ठेवून बँक मुदत वाढवते तेव्हा त्याला एक मर्यादा असते. वरच्याच उदाहरणात, हप्ता 900 ठेवून दर सुरुवातीलाच 10 झाला असता तर 240 महिन्यांचे 314 होतात. 11 झाला तर महिन्याचं व्याजच 917 होतं, म्हणजे हप्ता भरूनही कर्ज फिटत नाही, उलट वाढतं. तुमच्या बँकेने आपोआप मुदत वाढवायची मर्यादा काय ठेवली आहे, ती गाठली की हप्ता एकदम किती उडी मारेल, हे करारात बघावं लागेल आणि ते वाचता येणाऱ्यानेच वाचावं.

तोपर्यंत बँकेकडून तीन गोष्टी मागून घ्या: आज बाकी असलेलं मुद्दल आणि उरलेले महिने, पुढच्या परतफेडीचा पूर्ण तक्ता, आणि मुदतीआधी भरण्याचा दंड व दर बदलून घ्यायची फी लेखी. झेपत असेल तर हप्ता थोडा वाढवता येईल का तेही विचारा, एफडी न मोडता यातूनच बरंच होतं. 9 टक्के आणि 20 वर्षांच्या कर्जात दरवर्षी फक्त एक हप्ता जास्त भरला तरी साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं.

आणि पुढचा एखादा हप्ता चुकेल अशी भीती असेल, तुम्ही तसं लिहिलं नाहीये पण असेल, तर मेहुणे, मित्र, मी, सगळे बाजूला ठेवा आणि हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन लेखी कळवा. थकबाकी नसताना बँकेकडे तुम्हाला द्यायला जास्त पर्याय असतात. आधी पैसे घेऊन "मी बँकेशी बोलतो, हप्ता माझ्याकडे द्या" म्हणणारा कोणी भेटला तर एक रुपया देऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नको.

आकडे हातात आले की लिहा, बाकी मुद्दल, दर, महिने एवढंच पुरे, तक्ता मी करून देते. कलमांचं मात्र मला विचारू नका, ते वकिलाकडूनच वाचून घ्या.