वेळापत्रकात जेवणाचा रकाना कुठे आहे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमच्या 18 वर्षांच्या मुलीचे ॲनोरेक्सिया नर्व्होसावरील (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळत राहण्याच्या मानसिक आजारावरील) उपचार चार महिन्यांपूर्वी पूर्ण झाले आणि तिचे वजन डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत आले. आता तिला दुसऱ्या शहरात आहारशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळतो आहे, आणि आजारपणात सुटलेले नृत्याचे प्रशिक्षणही पुन्हा सुरू करायचे आहे. ‘अडवले तर ती खचेल आणि पाठवले तर दुखणे उलटेल, अशा कात्रीत आम्ही सापडलो आहोत,’ असे तुम्ही लिहिता. पत्रासोबत तिने पहिल्या सत्रासाठी आखलेले वेळापत्रकही तुम्ही पाठवले आहे. मी सुरुवात त्या वेळापत्रकापासूनच करते.

वेळापत्रक देखणे आहे. पट्टीने आखलेले, चार रंगांत लिहिलेले, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने असलेले. पहाटे साडेपाचला धावणे, आठपासून तासिका, दुपारी प्रयोगशाळा आणि ग्रंथालय, संध्याकाळी नृत्याचा वर्ग आणि रात्री साडेअकरापर्यंत वाचन. दुपारी एकच्या रकान्यात आधी पेन्सिलीने काहीतरी लिहून नंतर खोडलेले दिसते आणि त्यावर ‘टिपणे पूर्ण करणे’ असे निळ्या शाईत लिहिले आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेत जेवणाचा एकही रकाना नाही. इतक्या काटेकोर मुलीच्या नजरेतून तो सुटला असेल असे मला वाटत नाही. पण तिने फसवणूक केली, असेही कृपा करून समजू नका. उपाशी राहण्याची ओढ उपचारांनंतरही बराच काळ मनात दबा धरून असते, आणि परत येते तेव्हा ती शिस्त, मेहनत, वेळेची बचत अशा कौतुकाच्या नावांनी येते. म्हणूनच ती घरच्यांच्या आणि शिक्षकांच्याच नव्हे, खुद्द मुलीच्याही चटकन लक्षात येत नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांविषयीचा अंतिम शब्द तिच्या मानसोपचारतज्ज्ञांचाच राहील. तरीही करिअरचा निर्णय ज्या पायावर उभा राहायचा आहे, त्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. हा आजार उलटण्याचा धोका उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो आणि साधारणपणे तिघांपैकी एका रुग्णाच्या बाबतीत तो उलटतो, असे आजवरच्या अभ्यासांवरून दिसते. म्हणजे तुमची मुलगी अजून त्या अवघड वर्षाच्या मध्यावरही पोहोचलेली नाही. वजन भरून आले म्हणजे मनही भरून आले, असे होत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवले होते. शरीराचे जवळपास चतुर्थांश वजन गमावलेले ते तरुण चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, त्यांच्या डोक्यात सतत अन्नाचेच विचार घोळू लागले आणि एकाग्रता ढासळल्याची तक्रार ते करू लागले. आहार वाढवल्यानंतरही अनेकांना पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले. त्या तरुणांना ॲनोरेक्सिया नव्हता. हे सारे निव्वळ उपासमारीने घडवले होते. तेव्हा ‘जेवण टाळून वाचलेला तास अभ्यासाला मिळतो’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, हे तिला माझ्या वतीने जरूर सांगा.

आता आहारशास्त्राविषयी. या आजारातून बाहेर पडणाऱ्या मुली हा विषय निवडू पाहतात, तेव्हा मी त्यांना सरसकट नकार देत नाही. स्वतः भोगलेल्या दुःखातून इतरांना मदत करण्याची इच्छा खरी असू शकते आणि पुढे असे विद्यार्थी अतिशय समंजस व्यावसायिक होऊ शकतात. मात्र या अभ्यासक्रमात उष्मांकांची गणिते, आहाराच्या नोंदी, शरीराची मोजमापे आणि वजनाचे तक्ते हे रोजचे काम असते. ज्या आकड्यांपासून दूर राहायला तिने अलीकडेच कष्टाने शिकले, तेच आकडे तिला गुणांसाठी पाठ करावे लागतील. शिवाय ही आवड तिची आहे की आजाराची, याचे उत्तर आज तिलाही प्रामाणिकपणे देता येणार नाही. माझी एक साधी कसोटी आहे. आजारी पडण्यापूर्वी तिला काय आवडत होते? तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे की चौदाव्या वर्षापर्यंत ती पक्ष्यांच्या नोंदवह्या ठेवत असे आणि जीवशास्त्रात रमत असे. पत्रातील ते एक वाक्य मला आहारशास्त्रावरच्या दोन परिच्छेदांपेक्षा महत्त्वाचे वाटले. जीवशास्त्राच्या व्यापक पदवीला प्रवेश घेतला तर पदव्युत्तर टप्प्यावर पोषणाच्या अभ्यासाकडे वळण्याची वाट अनेक ठिकाणी खुली राहते, आणि दरम्यान आवडीची पारख करायला तिला तीन-चार वर्षे मिळतात.

नृत्याबाबत मात्र मी अधिक कडक आहे. ज्या क्षेत्रांत शरीराचा आकारही कौशल्याइतकाच तोलला जातो, म्हणजे व्यावसायिक बॅले, मॉडेलिंग, जिम्नॅस्टिक्स, वजनगटांचे खेळ, तिथे हा आजार होण्याचा आणि उलटण्याचा धोका अधिक असतो. इस्रायलने 2012 साली आणि फ्रान्सने त्यानंतर मॉडेलच्या आरोग्याविषयी वैद्यकीय प्रमाणपत्राची अट कायद्यात घातली, ती उगीच नव्हे. आनंदासाठी नाचणे आणि आरशांनी वेढलेल्या खोलीत रोज दोन तास निवड होण्यासाठी नाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यायामाची परवानगी, त्याचा प्रकार आणि वेळ उपचार करणाऱ्यांनीच ठरवावी. तोपर्यंत पहाटेचे धावणेही वेळापत्रकातून काढावे. वर्ग चुकला म्हणून ती दिवसभर अस्वस्थ राहत असेल, किंवा आजारी असतानाही जाण्याचा हट्ट धरत असेल, तर ती नृत्याची आवड राहिलेली नाही, असे समजावे.

घर सोडण्याचा प्रश्न उरतो. माझे स्पष्ट मत असे आहे की तिने या वर्षी दूर जाऊ नये. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची सोय असल्यास ती घ्यावी, नसल्यास घरून जाता येईल अशा महाविद्यालयात कमी विषयांनी सुरुवात करावी. वर्ष वाया जाईल ही तुमची भीती मला समजते. पण अर्ध्या सत्रातून पुन्हा रुग्णालयात जावे लागले तर एकाहून अधिक वर्षे जातात, आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे ‘मला जमत नाही’ हा समज पक्का होतो. हे वर्ष रिकामेही ठेवू नका. अर्धवेळ काम, एखादी भाषा, पक्षीनिरीक्षणाचा गट, असे काहीतरी असावे, ज्यात तिला गुणांनी किंवा किलोंनी मोजले जाणार नाही.

पुढच्या वर्षी ती जाईल तेव्हा तिच्याकडे एक लेखी आराखडा असावा. तो तिने स्वतः, तिच्या उपचारकांसोबत बसून आणि तुम्हाला विश्वासात घेऊन तयार करावा. नेदरलँड्समधील तज्ज्ञांनी ॲनोरेक्सियासाठी अशी पद्धत बसवली आहे: प्रकृती स्थिर असताना मी कशी वागते, पहिली घसरण कशी ओळखावी, ती वाढली तर काय दिसेल आणि प्रत्येक पायरीवर कोणी काय करायचे, हे आधीच लिहून ठेवायचे. प्रत्येकीच्या खुणा निराळ्या असतात. कोणी इतरांसोबत जेवणे टाळते, कोणी सैल कपडे घालू लागते, कोणी सारखे वजन करते, कोणी दुसऱ्यांना आग्रहाने वाढते आणि स्वतः मात्र ताटात नुसते चिवडत बसते. तुमच्या मुलीची पहिली खूण बहुधा तुम्हाला आधीच मिळाली आहे: खोडलेला एकचा रकाना.

एक जेवण चुकले म्हणजे आजार उलटला असे नाही. पाय घसरणे वेगळे आणि खाली कोसळणे वेगळे, आणि पाय घसरल्यावर ते सांगता येण्याइतके घर मोकळे असेल तर बरेच कोसळणे टळते. म्हणून रोज ताटावर पहारा देऊ नका; वजन दवाखान्यातच होऊ द्या. ‘आता अंग चांगले भरले आहे’ असे कौतुक नातेवाइकांनाही करू देऊ नका, कारण तिला त्यातून नेमके उलटे ऐकू येते. परीक्षा, मैत्रीतला दुरावा, ताप किंवा दातांच्या उपचारामुळे नकळत घटलेले वजन, अशा वेळी भेटी वाढवा. बरे वाटते म्हणून उपचारकांच्या भेटी बंद करणे ही मला वारंवार दिसलेली चूक आहे. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे, खाणे-पिणे जवळजवळ थांबणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, यांपैकी काहीही घडले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हे पत्र तिला वाचायला द्या. तिच्यापासून लपवावे असे त्यात काही नाही. तिला ते पटले नाही तर तिने मला स्वतंत्र लिहावे, मी तिलाही तितकेच सविस्तर उत्तर देईन. प्रवेश पुढे ढकलण्याचे ठरल्यास महाविद्यालयाला द्यायचा अर्ज तिनेच लिहावा. त्यात आजाराचे नाव घालण्याची गरज नसते. ‘वैद्यकीय कारणास्तव एक वर्ष’ इतका उल्लेख आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी पुरते. मसुदा माझ्याकडे पाठवला तर मी तो पाहून देईन, आणि सोबत नव्याने आखलेले वेळापत्रकही पाठवायला सांगा.

आपली,
करिअर समुपदेशक