घरी पिकवलेले ब्रसेल्स स्प्राउट्स (कोबीसारखे छोटे गड्डे) खरंच दुकानातल्यापेक्षा चवीला वेगळे लागतात का?

हो लागतात, घरचे जास्त गोड आणि करकरीत असतात, पण थंडी खाल्लेले असले तरच. दोनचार रात्री दव गोठण्याइतकी थंडी पडली की झाड स्टार्चची साखर करतं आणि तोडल्यावर तीच साखर हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे दुकानात पडून राहिलेले (देठाचा काप तपकिरी, वरची पानं पिवळट) कडवट लागतात. दोन हिवाळे लावलेत म्हणून सांगतोय, ताजा गड्डा चिरला की देठ पांढराशुभ्र आणि ओला दिसतो. फक्त बियाणं बघून घ्या, कडूपणा ग्लुकोसिनोलेट्सचा (कोबीच्या कुळातल्या भाज्यांमधली गंधकयुक्त द्रव्यं) असतो आणि १९९० च्या दशकात डच संशोधकांनी नेमके कुठले ते शोधल्यावर कमी कडू जाती आल्या, त्यामुळे जुन्या जातीचे घरचे कधीकधी दुकानातल्यापेक्षाही कडू निघतात. आणि जास्त उकडलेत तर दोन्ही सारखेच वास मारतात!