त्यांचं ते त्यांचं, तुझं ते तुझं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू ज्यांच्याकडे नोकरी केलीस, त्या कलाकाराची नोटीस वाचताना तुझा आवाज कापत होता. करार मोडल्यास पन्नास लाख भरपाई, हा आकडा पाहिल्यावर कुणाचाही कापेल. पण करारात लिहिला म्हणून तो आकडा तसाच्या तसा वसूल होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ काढून वाच. कोर्ट वाजवी भरपाई देतं, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. 'नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कलाकाराकडे काम करायचं नाही' ही अट तर कलम २७ पुढे टिकतच नाही. वकिलाच्या फीची काळजी असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

हे झालं कायद्याचं. मला बोलायचंय त्या पॉडकास्टवाल्याबद्दल, जो तुला त्यांच्याविषयी बोलायला बोलावतोय.

त्यांचं ते त्यांचं, तुझं ते तुझं. त्यांच्या गोळ्या, नवराबायकोची भांडणं, मुलाचं शाळेतलं प्रकरण हे त्यांचं. तुला घरात घेतलं म्हणून ते तुझ्या कानावर पडलं. थकलेले पगार, अपरात्रीचे फोन, मेकअप रूममध्ये अंगावर भिरकावलेली फाइल हे तुझं. त्यासाठी दाद मागायचा हक्क कुठल्याही कराराला काढून घेता येत नाही, कलम २८ तेच सांगतं. आणि त्या पॉडकास्टवाल्याला तुझे पगार ऐकायचेत असं वाटतं तुला? त्याला त्या गोळ्या हव्यात गं!

ब्रिटिश राजघराण्यात मुलींना सांभाळणाऱ्या, शिकवणाऱ्या मॅरियन क्रॉफर्डनं १९५० मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या बालपणावर पुस्तक लिहिलं. सगळं कौतुकाचंच, तरी राजघराण्यानं तिच्याशी कायमचे संबंध तोडले. झेल्डा पर्किन्सची गोष्ट वेगळी. हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन, त्याची ही सहायक. १९९८ मध्ये तिच्याकडून गुप्ततेच्या करारावर सही घेतली, प्रतसुद्धा तिच्याकडे ठेवू दिली नाही. २०१७ मध्ये तिनं तो करार उघडपणे मोडला. वाइनस्टीननं तिचा आणि तिच्या सहकारी मुलीचा जो लैंगिक छळ केला, ते त्याचं खासगी नव्हतंच. फरक कळतोय ना? की पुन्हा सांगू?

मीही माझ्या बाईंकडे नोकरीत उमेदीची वर्षं काढली. त्या गेल्यावर अप्पा बळवंत चौकातले एक प्रकाशक घरी आले होते, पाकीट घेऊन. चहा पाजून परत पाठवले. भाऊ अजून म्हणतो, कोथरूडला फ्लॅट झाला असता. झाला असता! बाईंनी माझे पगार अडवले होते, तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून, भांडून घेतले मी. पै न् पै. ते माझं होतं. त्यांच्या आजारपणाचं मात्र सख्ख्या भावालाही सांगितलं नाही. लोक इमानी कुत्रं म्हणायचे, म्हणोत. बाईंच्या वह्या मी लावल्या, छापील पुस्तकात माझं नाव नाही, घरच्यांनी तेराव्यालाही बोलावलं नाही. सलतं ते. पण म्हणून त्यांचं घर बाजारात मांडायचं? मला नाही पटलं, आजही नाही पटत.

तू म्हणशील, मावशीचा जमाना वेगळा होता. असेल. तेव्हा सही करायला कागद नव्हता, एवढाच फरक.

पगाराच्या नोंदी आणि करार छापून ठेव. त्यांचे फोटो, व्हॉइस नोट कुणाला पाठवू नकोस आणि घाबरून पुसूही नकोस, आधी वकिलाला दाखव. नोटिशीला मुदतीत उत्तर जायला हवं. मसुदा मला दाखव. त्यात त्यांच्या घरातलं एक वाक्य जरी दिसलं, तर लाल पेनानं खोडणार आहे.

तुझी
मावशी