वळिवाचा ढग बघायला लायसन्स लागतंय काय?

प्रश्न : सर नमस्कार, मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो, चार एकर काजू हाय. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, गारा पडतात आणि पहिल्या गडगडाटाला लाईट आणि मोबाईलची रेंज दोन्ही जातात. यूट्यूबवर अमेरिकेतली माणसं हॅम रेडिओवरनं, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसवरनं, वादळाची खबर देतात ते बघून मीपण लायसन्स काढायचं म्हणून धडपड करूलालोय. कसं काढायचं? पोरगं १३ वर्षांचं हाय, तेपण मागं लागलंय.

उत्तर : पहिलं एक सांगतो, रागावू नका. ढग बघून खबर द्यायला कुठलंच लायसन्स लागत नाही. तुम्ही बघितलंत तो तिकडच्या नॅशनल वेदर सर्व्हिसचा स्कायवॉर्न कार्यक्रम, त्यात साध्या माणसांना ट्रेनिंग देतात, आणि तिथंपण हॅम, म्हणजे रेडिओचं लायसन्सवालं माणूस, असलंच पाहिजे अशी अट नाही. आपल्याकडं तसं काही नाही, म्हणजे लायसन्स आलं तरी पलीकडं तुमच्या खबरेची वाट बघत कोण बसलेलं नसणार, हे धरूनच यात पडा.

तरी काढा असंच मी म्हणेन, कारण ते रेंज गेल्यावर कामाला येतं. २०१९ च्या ऑगस्टात घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा एकदम चढल्या तेव्हा आपल्या बेळगाव जिल्ह्यानं काय भोगलं ते तुम्हाला सांगायला नको. आणि २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅमची टीम हौसेखातर रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरला गेलेली, त्सुनामी आली आणि त्याच रेडिओवरनं अंदमानातल्या लोकांची खुशाली बाहेर कळली.

आता काढायचं कसं. लायसन्स केंद्राच्या दूरसंचार खात्यातली डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. वय १२ पूर्ण पाहिजे, म्हणजे पोरगं तुमच्या शेजारी बसून परीक्षा देऊ शकतं (आणि बहुतेक तुमच्यापेक्षा जास्त मार्क काढेल). सुरुवात रिस्ट्रिक्टेड ग्रेडनं करा, त्याला मोर्स कोड (टिंब-रेघांची भाषा) लागत नाही, वरच्या जनरल ग्रेडला लागतो. पेपर दोन भागांत, एक रेडिओचा थिअरी भाग म्हणजे ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर, अँटेना वगैरे, आणि दुसरा नियमांचा. नियमांचा भाग सोपा म्हणून सोडतात आणि तिथंच अडकतात. टर्म सगळ्या इंग्लिशच आहेत तेव्हा अभ्यासपण त्यातनंच करा. बंगळूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हॅम्स आहे, तिथं चौकशी करा. पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे धरून बरेच महिने जातात, ह्या वळिवाला हातात मिळेल असं धरू नका. आणि मिळाल्यावर त्यावर धंद्याचं बोलायचं नाही, काजूचा दरसुद्धा विचारायचा नाही.

तोपर्यंत खबर द्यायची सवय लावून घ्या, खरं काम ते आहे. हवामान खात्याच्या रडारचा बीम जसा लांब जातो तसा जमिनीपासून वर वर जातो, त्यामुळं खाली नक्की काय पडलं ते जागेवरचा माणूसच सांगणार. पण "लई मोठ्या गारा पडल्या बगा" याला खबर म्हणत नाहीत. वहीत असं लिहा : जांबोटी, ४ वाजून १० मिनिटं, गारा बोराएवढ्या, पाच मिनिटं, वारा पूर्वेकडनं, दोन फांद्या मोडल्या. हरभरा, बोर, लिंबू, ही मापं सगळ्यांना कळतात. नुकसान किंवा धोका असला तर जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला १०७७ वर फोन. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा, आणि रेंज गेली की मोजा, वीज चमकल्यापासून आवाज यायला तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की वही बंद करून पक्क्या घरात जायचं, काजूच्या झाडाखाली नाही.

आता रेडिओवाले सुरुवातीला सांगत नाहीत ती गोष्ट. छपरावर अँटेना लावली की वीज घरात यायला तुम्हीच वाट करून दिली. ढग लांब असतानाच केबल रेडिओपासून सोडवून खिडकीबाहेर टाका. जुने लोक तिचं टोक काचेच्या बरणीत ठेवतात, मीपण ठेवायचो, पण एवढं आकाश फोडून आलेल्या विजेला बरणीची काच काय अडवणार! म्हणजे बघा, वादळ डोक्यावर आलं की छपरावरची अँटेना बंद. बोलायचं ते ते यायच्या आधी, नाहीतर गेल्यावर.

प्रश्न : ऑनलाईन स्वस्तात वॉकीटॉकीची जोडी मिळते. निपाणी ते चिकोडी बोलता येईल काय? लायसन्स नाही. – निपाणीहून एक वाचक

उत्तर : नाही. ४४६ मेगाहर्ट्झवाले कमी पॉवरचे सेट विनालायसन्स चालतात, पण ते शेताच्या ह्या बांधावरनं त्या बांधावर बोलायला, चिकोडी विसरा. बाकीचे, ज्यांत कुठलीपण फ्रिक्वेन्सी घालता येते, ते लायसन्सशिवाय वापरणं गुन्हा आहे, विकणारा काही म्हणू दे. घेतला असाल तर परत पाठवा, बॉक्स फोडला नसेल तर अजून घेतील.