फिश टँकचा फिल्टर रात्रभर आवाज करतो, झोप होत नाही. रात्री बंद ठेवला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की टँक दोन फुटी आहे, हॉलमध्ये आहे आणि तुम्ही तिथेच झोपता. आधी बंद ठेवण्याबद्दलच सांगतो, नका ठेवू. मी हा उद्योग आठवडाभर करून बसलोय, रात्री अकराला स्विच ऑफ, सकाळी सहाला ऑन, आणि पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर गोल्डफिश सगळे वर तोंड काढून हवा गिळतायत आणि फिल्टर चालू केल्या केल्या स्पंजातून काळपट गाळ बाहेर. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो तो त्या स्पंजातले बॅक्टेरियाच संपवतात, आणि त्यांना ऑक्सिजन मिळतो वाहत्या पाण्यातून. पाणी तासन् तास थांबलं की ते मरायला लागतात.

आता आवाजाचं. आज रात्री पंखा, टीव्ही बंद करून पाच मिनिटं नुसतं ऐका, फिल्टर आणि एअर पंप (नळीतून पाण्यात बुडबुडे सोडणारी डबी) एकेक करून बंद करून बघा. घुंऽऽ येतोय, खरखर येतोय की खळखळ, यावर सगळं आहे, कारण तिघांचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

घुंऽऽ असेल तर तो बहुतेक फिल्टर नाहीच, एअर पंप आहे. त्याच्या आत चुंबक लावलेली पट्टी आणि रबरी पडदा असतो, तो आपल्या विजेवर सेकंदाला 50 वेळा थरथरतो. पंपाचा स्वतःचा आवाज थोडाच असतो, ज्यावर ठेवलाय ते प्लायवूडचं पोकळ कपाट ढोलासारखं वाजतं. कोरड्या हाताने चालू पंप उचलून धरून बघा, आवाज झपकन पडला तर समजा कपाटच वाजत होतं. मी त्याच्याखाली जुन्या रबरी स्लीपरचा तळवा कापून ठेवला, काम फत्ते (आईने त्या जोडातली दुसरी चप्पल शोधण्यात अख्खं घर डोक्यावर घेतलं तो भाग वेगळा). पंप भिंतीला चिकटू देऊ नका आणि वरून कपडा गुंडाळू नका, तापतो. नळीच्या टोकाला बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, म्हणजे एअर स्टोन, जुना होऊन बुजला असेल तरी पंप जास्त घुमतो, नवीन टाका, अगदी किरकोळ पैशात येतो. आणि पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवता येत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकाच, नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून जमिनीवर.

खरखर किंवा टकटक असेल तर मात्र फिल्टर उघडावा लागेल. स्विच बंद करून प्लग काढा, मगच पाण्यात हात. स्पंजाचा डबा वेगळा केला की मोटारीच्या तोंडाशी छोटं झाकण असतं, ते फिरवून काढलं की बोटाच्या पेराएवढा चुंबक आणि त्याला प्लॅस्टिकचा पंखा असं बाहेर येतं, त्याला इंपेलर म्हणतात. माझ्याकडे काढला तेव्हा चुंबकावर तपकिरी बुळबुळीत थर, पंख्यात वाळूचा एक कण आणि दांडीला एक लांब केस गुंडाळलेला. एवढ्याशा कणाने मला पंधरा दिवस जागवलं होतं! जुन्या टूथब्रशने चुंबक घासा, तो ज्या भोकात बसतो ते इअरबडने पुसा. बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा पांढरा थर असतो, तो घासून जात नाही, इंपेलर अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि मग नीट धुवा. दांडी झिजली असेल किंवा पंख्याचं पातं तुटलं असेल तर साफ करून उपयोग नाही, जुना इंपेलर खिशात घालून दुकानात जा आणि मापाला माप लावूनच घ्या. हो, स्पंज नळाखाली धुऊ नका, नळाच्या क्लोरीनने ते बॅक्टेरिया जातात, टँकचंच बादलीभर पाणी काढून त्यात पिळा.

फिल्टर साफ करून परत बसवल्यावर सुरुवातीला गुरगुरतो, ती आत अडकलेली हवा असते, प्लग काढून पाण्याखालीच आडवातिडवा करा, बुडबुडे निघून गेले की गप्प होतो.

राहिला खळखळाट. टँकच्या काठाला अडकवायचा फिल्टर असेल तर पाणी वरून पडतं त्याचा तो आवाज, उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी दोन बोटं उतरली की धबधबा सुरू. पाणी भरा, बास. आतला फिल्टर असेल आणि त्याला वर हवेची बारीक नळी असेल तर ती हवा ओढते आणि सूंऽऽ करते, तिच्या टोकाचं बटण फिरवून बंद करा, नसेल तर बोटाने दाबून बघा फरक पडतो का. मग फिल्टरचं तोंड जरा वर करा म्हणजे पाण्यावर लाटा हलत राहतील, ऑक्सिजन त्यातूनच जातो, बुडबुडेच पाहिजेत असं काही नाही. माझ्याकडे हे केल्यावर रात्री एअर पंपाची गरजच उरली नाही, पण माझे मासे मोजके आहेत, तुमच्या टँकमध्ये गर्दी असेल तर पंप कायमचा बंद करायच्या आधी दोन-तीन रात्री बंद ठेवून पहाटे उठून मासे वर येतायत का ते बघा.

एवढं करूनही आवाज राहिला तर काचेच्या झाकणाला हात लावून बघा, माझ्या एका मित्राकडे ते झाकणच थरथरत होतं आणि बिचाऱ्याने दोन फिल्टर बदलले.