पुण्याची सायकल कुठे गेली?

प्रश्न : माझे वडील १९६० च्या दशकात पुण्यात शिकायला होते. त्या वेळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, असे ते सांगतात. मुंबईला हे नाव का मिळाले नाही, आणि पुण्यातली सायकल पुढे मागे का पडली? त्यांच्या जुन्या ट्रंकेत भोक असलेला एक पत्र्याचा बिल्लाही सापडला आहे. तो कशाचा असावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आज आपण ओळखतो त्या घडणीची, म्हणजे दोन सारख्या चाकांची आणि मागचे चाक साखळीने फिरवणारी सायकल जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बाजारात आणली, आणि १८८८ मध्ये डनलॉप यांच्या हवा भरलेल्या टायरमुळे ती बसण्यास सुसह्य झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावातील सायकलचे दुकानही १८८८ चेच. मात्र सायकल तेव्हा हौशी श्रीमंतांची वस्तू होती. कारकून, कामगार आणि विद्यार्थी यांच्या हाती ती आली ती बरीच नंतर, आणि स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, लुधियाना येथे मोठे कारखाने निघाल्यावर तर तिचा प्रसार झपाट्याने झाला.

मुंबईत १८५३ पासून रेल्वे आणि १८७४ पासून ट्राम होती, शिवाय घर आणि कचेरी यांतील अंतर पुढे इतके वाढत गेले की ते पायडल मारून कापणे सामान्य माणसाला शक्य नव्हते. तेथे सायकल राहिली ती डबेवाल्यांकडे आणि पाववाल्यांकडे, म्हणजे माल पोचवणाऱ्यांकडे. पुण्याला ट्राम कधीच नव्हती. टांगा रोज परवडत नसे, बसची वाट पाहण्यात वेळ जाई, आणि पेठांतून डेक्कनवरची कॉलेजे जेमतेम तीन-चार किलोमीटरवर. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढाच रस्त्यावर उतरत असे. ज्याच्याकडे स्वतःची सायकल नसे, तो कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्याने घेई; उंची न पुरणारी मुले दांडीखालून पाय घालून त्याच भाड्याच्या सायकलवर शिकत.

पुणेकर आळशी झाले म्हणून सायकल गेली, असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. शहर पिंपरी-चिंचवडकडे आणि उपनगरांत पसरले, कामाची ठिकाणे लांब गेली, पण त्या प्रमाणात सार्वजनिक वाहतूक वाढली नाही. घराच्या दारातून निघून थेट कामाच्या दारात उतरण्याची सवय सायकलने आधीच लावलेली होती, तिला फक्त इंजिन हवे होते. १९७२ मध्ये बजाजची चेतक स्कूटर आणि कायनेटिकची लुना ही दोन्ही वाहने आली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे; लुना त्या मानाने स्वस्त होती, आणि तिला चक्क पायडले होती. पायडल मारून ती सुरू करायची आणि पेट्रोल संपले तर तशीच रेटत पंपापर्यंत न्यायची! तेव्हा पुण्याने सायकल सोडली असे म्हणण्यापेक्षा तिला मोटर बसवली असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. आजच्या दुचाक्यांची गर्दी हा त्याच सायकलचा वंशविस्तार आहे.

आता बिल्ल्याविषयी. त्या काळी नगरपालिका आणि महानगरपालिका सायकलवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. भोकातून तार ओवून तो सायकलला अडकवायचा असे. बिल्ला नसणे, रात्री दिवा नसणे आणि डबलसीट बसणे हे सायकलस्वारांचे तीन नेहमीचे गुन्हे होते. आपल्याकडील बिल्ल्यावर साल कोरलेले असेल, तर त्या वर्षी तरी सायकलचा कर भरला गेला होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल. दिव्याचे वडिलांनाच विचारावे लागेल.